जिव्हाळ्याचे बंध आणि विचारांची पारख

स्मरणिकेत शाळेच्या निकालांचे आकडे असतात, इमारतींचा इतिहास असतो, दात्यांची नामावली असते. वसतिगृहातील पहिल्या रात्रींचा हिशेब मात्र कोठे लिहिला जात नाही. उन्हाळ्याची सुटी संपली की मानोरा, मंगरूळपीर, दारव्हा, मूर्तिजापूर या बाजूंच्या गावांतून आईवडील लेकरांना पेटी-अंथरुणासह कारंज्यास आणून सोडतात आणि सायंकाळच्या एसटीने परत जातात. त्यानंतर त्या लेकराच्या मनात काय घडते, घरी परतलेल्या आईच्या मनात काय घडते, आणि हे मन फार दुखावले तर ते सावरण्याचे शास्त्र कोणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव या सर्वांना तो जवळचा वाटेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.

मनाच्या उपचारांच्या आज अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी दोन येथे घेतल्या आहेत. पहिली बंधाधारित उपचारपद्धती. माणसाचा आपल्या जवळच्या माणसांवरील विश्वास कसा घडतो, कसा तुटतो आणि पुन्हा कसा जोडता येतो, हे ती पाहते. दुसरी विचार-वर्तन उपचारपद्धती, जी ‘सीबीटी’ या नावाने ओळखली जाते. मनात आपोआप उठणारे विचार तपासणे आणि वागणुकीत लहान लहान बदल करून दुःखाची तीव्रता कमी करणे, हे तिचे काम. लेकरांच्या बाबतीत या दोहोंचा क्रम महत्त्वाचा आहे, असे आमचे म्हणणे आहे. आधी विश्वासाचे माणूस लागते; विचारांची तपासणी त्यानंतरच होऊ शकते.

वसतिगृहाचा वारसा

निवासी शिक्षण ही आपल्या समाजाच्या उत्थानाची वाट आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची मालिका उभारली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने १९२५ च्या प्रारंभी सोलापुरास वसतिगृह उघडले. घरी दिवा नाही, गावात शाळा नाही, असली तर शाळेत बसण्यास जागा नाही, अशा काळात वसतिगृहाने दोन वेळचे जेवण, पुस्तक आणि पाठ टेकण्यास भिंत दिली.

धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी आहेत हे कळताच माता रमाईंनी आपल्या हातातील बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते. तिच्यात धान्याइतकेच महत्त्वाचे आणखी काही आहे. आपण उपाशी आहोत हे कोणाला तरी कळले आणि ते माणूस हलले, असा अनुभव त्या मुलांना आला. बंधाचे मानसशास्त्र ज्याभोवती उभे आहे, तो अनुभव हाच.

बंध म्हणजे काय

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘अटॅचमेंट’ या शब्दाचे भाषांतर पुष्कळदा ‘आसक्ती’ असे केले जाते. धम्माचा परिचय असलेल्या वाचकाच्या मनात मग प्रश्न उभा राहतो. तृष्णा आणि आसक्ती ही दुःखाची कारणे असतील, तर आसक्ती वाढविणारा हा कसला उपचार? परंतु मानसशास्त्रातील बंध आणि धरून ठेवण्याचा हव्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकटात ज्याच्याकडे धाव घ्यावी आणि धीर आल्यावर ज्याला सोडून निर्धास्तपणे दूर जावे, अशा माणसावरील विश्वासाला येथे बंध म्हटले आहे. ज्या लेकराचा हा विश्वास पक्का असतो ते सहज दूर जाते. ज्याचा कच्चा असतो तेच पदर सोडत नाही.

हा सिद्धान्त जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मांडला. त्यांचा जन्म १९०७ चा. श्रीमंत घराच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे ते दाईच्या हाती वाढले आणि बालपणीच निवासी शाळेत गेले. फार कोवळ्या वयात मुलांना घरापासून दूर ठेवण्यास पुढे त्यांचा विरोध राहिला. निवासी शाळेच्या स्मरणिकेत हे नमूद करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही, कारण त्यांच्या संशोधनातूनच निवासी शाळेला सर्वाधिक शिकता येते.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात आठ दिवस एकटी राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक लघुपट तयार केला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये पालकांना मुलांजवळ थांबू देत नसत. आईवडील भेटून गेले की मुले रडतात, भेट नसेल तेव्हा शांत राहतात, म्हणून भेटी कमीच बऱ्या, असा परिचारिकांचा युक्तिवाद होता. रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी त्या शांततेचा निराळा अर्थ लावला. दुरावलेले मूल प्रथम निषेध करते, म्हणजे रडते, दाराकडे धावते. मग ते निराश होते आणि गप्प बसते. शेवटी ते अलिप्त होते. खेळते, जेवते, परंतु आई आली तरी तिच्याकडे फारसे पाहत नाही. या अलिप्ततेलाच लोक ‘रुळले’ असे म्हणत होते. इंग्लंडमध्ये १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना मुक्तपणे भेटू देण्याची शिफारस केली आणि हळूहळू रुग्णालयांची दारे उघडली.

हाच युक्तिवाद आपल्याकडील वसतिगृहांतही ऐकू येतो. पालक आले की मुले हळवी होतात, सबब पहिले दोन महिने येऊ नका, असे सांगितले जाते. दहा-अकरा वर्षांचे मूल दोन वर्षांच्या मुलासारखे असहाय नसते, हे खरे. दूर असलेल्या माणसाची आठवण ते मनात बाळगू शकते, तारीख मोजू शकते, शब्दावर विसंबू शकते. म्हणूनच त्याला दिलेला शब्द पाळणे अत्यावश्यक ठरते. ‘रविवारी चार वाजता फोन करीन’ असे सांगून तो त्या वेळी आला, तर पाच मिनिटांचे बोलणे पुरते. तो आला नाही, तर पुढच्या भेटीतील खाऊने ती पोकळी भरत नाही. भेटीनंतर येणारे रडू हे बंध जिवंत असल्याचे लक्षण आहे. जे मूल आठवडे उलटूनही कोणाचीच आठवण काढत नाही, कोणाजवळ बसत नाही, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील आई आणि तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले व पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ते काम वाढविले. आई मुलाच्या हाकेला किती अचूक आणि किती सातत्याने ओ देते, यावर मुलाचा विश्वास घडतो, असे त्यांना आढळले. काही मुलांचा बंध सुरक्षित असतो. काही मुले मागणेच सोडून देतात आणि आपल्याला कोणाची गरज नाही असे दाखवितात. काही सतत चिकटून राहतात आणि जवळ घेतले तरी शांत होत नाहीत. मोठेपणीही हे साचे नात्यांत डोकावतात, पण ते कपाळावरचे लिखित नव्हेत. पुढील आयुष्यात एखादे भरवशाचे माणूस लाभले, मग ते अधीक्षिका असोत, शिक्षक असोत वा जोडीदार असो, तर साचा बदलू शकतो. बंधाधारित उपचारात उपचारक स्वतः काही काळ असे भरवशाचे माणूस होतो आणि कुटुंबातील माणसांना परस्परांचे तसे माणूस होण्यास साहाय्य करतो. हा विश्वास जबरदस्तीने जोडता येत नाही. मुलाला दाबून, धरून ‘प्रेम शिकविण्याचे’ प्रकार परदेशांत काही काळ झाले. ते घातक ठरले आणि तज्ज्ञांनी ते धिक्कारले आहेत.

विचारांची पारख

विचार-वर्तन उपचारपद्धतीची दोन प्रमुख नावे म्हणजे अल्बर्ट एलिस आणि एरन बेक. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना एक गोष्ट टिपली : या रुग्णांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी ठरावीक नकारात्मक विचार आपोआप उठत असतात आणि रुग्ण ते न तपासताच खरे मानतो. महाराष्ट्रात ही विद्या मराठी माणसाच्या भाषेत आणण्याचे श्रेय मुंबईचे किशोर फडके यांना प्रामुख्याने जाते. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने तिचा विस्तार केला.

पद्धत समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आठवीतील एका विद्यार्थ्यास घटक चाचणीत गणितात पंचवीसपैकी सहा गुण मिळाले. त्याच्या मनात वाक्य उठले, ‘मी शिकण्याच्या लायकीचाच नाही.’ त्यातून लाज आणि भीती आली. परिणामी तो मागच्या बाकावर जाऊन बसला, शंका विचारीनासा झाला आणि पुढच्या चाचणीत गुण आणखी घटले. उपचारक त्याच्याबरोबर वहीत चार रकाने आखतो : घटना, विचार, भावना, वर्तन. मग दोघे मिळून विचाराची उलटतपासणी घेतात. हा विचार खरा मानण्यास पुरावा कोणता? विरुद्ध पुरावा कोणता? हेच गुण मित्रास मिळाले असते, तर त्याला तू काय सांगितले असतेस? शेवटी जे वाक्य उरते ते साधे असते : ‘अपूर्णांक मला येत नाहीत, ते शिकायचे आहेत.’ त्याला जोडून लहानशी कृती ठरते, जसे रोज सरांना एक शंका विचारणे. अशा बैठका साधारणतः आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, आठ ते सोळा आठवडे चालतात आणि प्रत्येक वेळी घरी करावयाचा सराव दिला जातो.

या पद्धतीविषयी आपल्या समाजात एक रास्त शंका घेतली जाते. दुःख जर विचारांतून येत असेल, तर दारिद्र्य आणि जातीय अपमान हे काय मनाचे खेळ आहेत? मुळीच नाहीत. विद्यार्थ्यास जातिवाचक शब्द वापरून हिणविले गेले, तर ती घडलेली घटना आहे. तिचा इलाज शाळेची कारवाई आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यांत आहे. मुलाच्या ‘दृष्टिकोनात’ तो शोधणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय. उपचाराचे काम त्यानंतर सुरू होते. ‘ते म्हणतात तसाच मी असेन’ हे वाक्य मूल एकांतात स्वतःशी म्हणू लागते, ते तपासून खोटे ठरविणे हे त्या उपचाराचे क्षेत्र. अन्यायाशी लढण्यासाठीही मन ताठ लागते.

२००५ मध्ये स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे एरन बेक आणि दलाई लामा यांचा जाहीर संवाद झाला होता. मनातील विचार सजगपणे न्याहाळण्याची बौद्ध परंपरा आणि ही उपचारपद्धती यांत साम्य आहे, हे उभयतांना जाणवले होते. तथापि ध्यानसाधना ही उपचारास पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही, एवढे ध्यानात असावे.

कुटुंबासह उपचार

एकट्या मुलास उपचारकाकडे पाठवून घर तसेच राहिले, तर मूल बरे होऊन पुन्हा त्याच वातावरणात येते. कुटुंबाला एकत्र बसवून ताण सोडविण्याविषयी बोल्बींनी १९४९ मध्येच लेख लिहिला होता. पुढे अमेरिकेत गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांसाठी बंधाधारित कुटुंबोपचार विकसित केला. त्यात पाच टप्पे आहेत. प्रथम ‘मुलाला सुधारा’ ही मागणी बाजूला ठेवून ‘आमच्यातील विश्वास का तुटला’ हा प्रश्न सर्वांनी मिळून मांडायचा. दुसऱ्या टप्प्यात उपचारक मुलाशी स्वतंत्रपणे बोलतो, तिसऱ्यात पालकांशी. पालकांच्या स्वतःच्या बालपणीच्या जखमाही तेथे बोलल्या जातात. चौथ्या टप्प्यात मूल पालकांसमोर मनातील सल सांगते आणि पालक सफाई न देता ऐकतात. पाचव्या टप्प्यात मूल अभ्यास, मैत्री आणि स्वतःचे निर्णय यांकडे वळते.

दोन्ही पद्धती एकत्र कशा येतात, हे पाहण्यासाठी आणखी एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका कुटुंबाचे नाही. समजण्यासाठी आम्ही रचले आहे. कर्जबाजारी शेतकरी वडिलांनी आत्महत्या केली. नववीतील मुलगा चार दिवस घरी राहून वसतिगृहात परतला. घरी त्या विषयावर कोणी बोलत नाही. आईला वाटते, बोलले तर लेकराला त्रास होईल. मुलगा अभ्यास करतो, रडत नाही, सर्वजण त्याला समंजस म्हणतात. त्याच्या मनात मात्र एक वाक्य रुतून बसले आहे : ‘माझ्या शिक्षणाच्या खर्चापायी बाबा गेले.’ हे वाक्य चार रकान्यांत मांडून तपासता येईल. परंतु ते तो आधी कोणाजवळ उच्चारील? उपचारक प्रथम आईला धीर देतो, मग मायलेकांना समोरासमोर बसवितो. आई ऐकते, तिचाही बांध फुटतो, आणि ती सांगते की तुझे शिकणे हेच बाबांना बरे वाटणारे एक होते. त्यानंतर कर्ज, नापिकी, भाव, आजारपण अशा कारणांची यादी दोघे मिळून करू शकतात आणि त्या यादीत मुलाचा दोष उरत नाही. वाक्य वहीवर तपासले गेले. पण ते बाहेर आले आईच्या विश्वासावर. क्रम महत्त्वाचा असे आम्ही म्हणतो, ते यासाठी.

आपल्या भागात काय सिद्ध झाले

हे उपचार शहरातील महागड्या दवाखान्यांपुरते आहेत, असा समज आता टिकत नाही. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने विचार-वर्तन कुळातील एक छोटा उपचार तयार केला. नैराश्यात माणूस कामे सोडतो, माणसे टाळतो. त्याने एकेक अर्थपूर्ण काम पुन्हा हाती घ्यावे, हा त्याचा गाभा. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तो दिला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवरील या अभ्यासात तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत टाटा न्यासांच्या साहाय्याने ‘विश्राम’ हा प्रकल्प राबविण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजारांविषयी बोलावे, समुपदेशकाने भेटावे आणि गरज असल्यास मनोविकारतज्ज्ञाने पाहावे, अशी त्याची रचना होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर, तर वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर उतरले. तुलनेसाठी निराळी गावे घेतलेली नसल्याने या उताराचे सारे श्रेय प्रकल्पास देता येणार नाही; पण विचारणारे माणूस दारी आले तर वऱ्हाडातील लोक मन मोकळे करतात, हे त्यातून दिसते. शासनानेही २०१५ मध्ये वाशिमसह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, ज्यात आशा कार्यकर्त्या ताणाखालील शेतकरी कुटुंबांचा शोध घेतात.

तान्ह्या मुलांच्या आयांसाठीही असा पुरावा आहे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांनी नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना विचार-वर्तन पद्धतीवर आधारित भेटी दिल्या. २००८ मधील निष्कर्षांत, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. इतर मातांत हे प्रमाण ५३ टक्के होते. 

आपण काय करावे

पालकांनी फोनचा दिवस आणि वेळ ठरवून पाळावी. निरोप न घेता, लेकराची नजर चुकवून निघून जाऊ नये. घरातील आजारपण, मृत्यू, कर्ज या गोष्टी वयास झेपतील अशा शब्दांत सांगाव्यात. दडविलेली गोष्ट मूल स्वतःच्या दोषाने भरून काढते. वसतिगृहात प्रत्येक मुलाचे ‘आपले’ असे एक मोठे माणूस ठरलेले असावे आणि ते दरवर्षी बदलू नये.

झोप उडणे, जेवण सुटणे, अंथरूण ओले होऊ लागणे, कारण न सापडणारी पोटदुखी, मित्रांपासून तुटणे, गुणांत एकाएकी घसरण, यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर समुपदेशकास वा डॉक्टरांस दाखवावे. भास होणे, अतिरेकी उत्साह वा पराकोटीचे नैराश्य असल्यास मनोविकारतज्ज्ञांची औषधे लागतात. तेथे केवळ बोलण्यावर विसंबू नये. कोणी मरणाची भाषा केली, तर ‘आत्महत्येचा विचार येतो का’ असे शांतपणे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालविला जात नाही. पोलिसांच्या भीतीने कोणीही उपचार लांबवू नयेत.

वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात सल्ला मिळतो. ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेले असावेत.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. स्मरणिका चाळताना आपणांपैकी अनेकांना वसतिगृहातील एखादे माणूस आठवेल, ज्याने तापात रात्रभर पाणी दिले किंवा नापास झाल्यावर पाठीवर हात ठेवला. आज वसतिगृहात असलेल्या मुलांसाठी महिन्यातील एक रविवार द्यावा. अधीक्षकांच्या परवानगीने, मैदानात सर्वांसमोर बसून त्यांचे ऐकावे. जितके महिने जमेल तितकेच सांगावे, आणि सांगितलेल्या रविवारी अवश्य यावे.